हे तोंड कुणाचं?

(दागिने घडवणाऱ्या महिला गटांच्या दोन दिवसांच्या शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेलं हे भाषण. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



काल रात्री जेवणं उरकल्यावर आपण ती ऑर्डर सगळ्यांसमोर ठेवली आणि मग साडेअकरापर्यंत कुणी झोपायला गेलं नाही. ज्या आज सकाळी आल्या आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने दोन नमुन्यांचे फोटो पाठवलेत. एक कानातल्यांचा जोड आहे. पत्र्यावर मीनाकाम केलेला मुखवटा, डोळ्यांभोवती ज्वाळांसारख्या कडा, तोंडाच्या जागी भोक, रंग लाल, निळा आणि रुपेरी. दुसरं गळ्यातलं लटकन आहे. पितळेचं हृदय, त्याच्या डोक्यावर ज्योत, आणि खाली कड्यांत अडकवलेले बारीक बारीक हात, पाय, एक डोळा, एक गुडघे टेकलेली बाई. दोन्ही मिळून दोन हजार नग दिवाळीच्या आत हवेत. पाकिटाला त्याचं छापील कार्ड लागणार. त्यावर ‘मेक्सिकन’ असं काहीतरी लिहिलेलं असेल. आपलं नाव कुठेही नसेल.

काल बहुतेक चर्चा दरावर झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्या गडबडीत दोन प्रश्न मागे पडले. एक मावशी म्हणाल्या, “हे तोंड कुणाचं? राक्षसाचं की माणसाचं?” आणि मागे बसलेल्या एकीने विचारलं, “तुटका पाय गळ्यात कशाला घालायचा? अपशकुन नाही का तो?” सगळ्या हसल्या आणि आपण पुन्हा रुपये-पैशांवर आलो. मला मात्र रात्रभर वाटत राहिलं की दराच्या आधी हेच दोन प्रश्न सोडवायला हवेत. आपल्या हाताखालून जे जाणार ते काय आहे, हे माहीत नसताना आपण त्याची किंमत कशी ठरवणार?

काही वर्षांपूर्वी एका अभ्यासक्रमाच्या निमित्ताने मी सहा आठवडे मेक्सिको सिटीत होते. माझं स्पॅनिश मोडकं, भाजी घेण्यापुरतं. पण या दोन्ही वस्तू तिथे पावलोपावली दिसतात आणि त्यांच्यामागे बायकांची जी कहाणी आहे ती मी तिथल्या कार्यकर्त्यांकडून ऐकली, नंतर वाचलीही. तेवढं सांगते.

आधी मुखवटा. तो राक्षसाचा नाही, पैलवानाचा आहे. तिथे कुस्तीचा एक प्रकार आहे, ‘लुचा लिब्रे’. आपली लाल माती नाही, दोर बांधलेला रिंगण-चौथरा असतो, आणि पैलवान दोरांवरून हवेत उड्या मारतात. १९३३ साली साल्वादोर लुत्तेरोथ नावाच्या माणसाने मेक्सिको सिटीत याची कंपनी काढली. पैलवान दोन जातीचे, नियमाने लढणारे ते ‘तेक्निको’ आणि लबाडी करणारे ते ‘रूदो’. निकाल बराचसा आधी ठरलेला असतो आणि ते सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून कुणाचा रस कमी होत नाही. दशावतारात शेवटी राक्षसच मरणार हे कोकणातल्या प्रत्येक पोराला माहीत असतं, तरी ते पहाटेपर्यंत जागतंच ना, तसं. शुक्रवारी रात्री मी ‘आरेना मेक्सिको’ या मोठ्या सभागृहात गेले होते. माझ्या शेजारी माझ्या आईच्या वयाची एक बाई पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती आणि रूदोला अशा शिव्या घालत होती की मला न कळूनही कान गरम झाले. आठवडाभर कुठे बोलायला मिळत नसेल ते सगळं ती तिथे बोलून घेत होती. आपल्या बायकांसाठी अशी एखादी जागा असायला हवी, हे आपलं जाता जाता.

पहिला खास कुस्तीचा मुखवटा १९३४च्या सुमारास आंतोनियो मार्तीनेस नावाच्या चर्मकाराने शिवला असं मानतात. तो पायताणं शिवणारा. पायाचं माप घेणाऱ्या माणसाने डोक्याचं माप घेतलं, चामड्याचे तुकडे जोडले, आणि बुटाला असते तशी नाडी मागच्या बाजूला ठेवली. आजच्या कापडी मुखवट्यालाही मागे नाडीच असते. फोटोतल्या कानातल्याच्या मागच्या बाजूला तीन आडव्या रेघा आहेत बघा, काल आपल्याला वाटलं ती नक्षी आहे. ती नाडी आहे. ज्याने मूळ नमुना केला त्याला किंवा तिला हे ठाऊक होतं.

मुखवट्याची खरी ताकद अशी की तो पणाला लावता येतो. मुखवट्याविरुद्ध मुखवटा, किंवा मुखवट्याविरुद्ध डोक्यावरचे केस. जो हरेल त्याने भर सभागृहात मुखवटा काढायचा आणि आपलं खरं नाव सांगायचं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. तो मुखवटा त्याला पुन्हा घालता येत नाही. सगळ्यांत प्रसिद्ध पैलवान ‘एल सांतो’, म्हणजे संत. रुपेरी मुखवटा. १९४२ पासून या नावाने लढला, पन्नासावर सिनेमे केले, आणि १९८४ च्या जानेवारीत एका टीव्ही कार्यक्रमात त्याने मुखवटा जरासा वर सरकवून चेहरा दाखवला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ५ फेब्रुवारीला, तो वारला. त्याला मुखवट्यासकट पुरलं. फोटोत रुपेरी रंगाचं जे कानातलं आहे ते त्याच्यावरून घेतलेलं आहे, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल.

आता बायका कुठे होत्या? बायका कुस्ती खेळत होत्या. इर्मा गोन्सालेस ही त्यांतली फार नावाजलेली. पण १९५०च्या दशकात राजधानीत बायकांच्या कुस्तीवर बंदी आली. कारण आपल्या ओळखीचंच, शील आणि सभ्यता. ही बंदी १९८६ पर्यंत टिकली. तीस वर्षं! बायका बाहेरगावी लढत राहिल्या, छोट्या छोट्या शहरांत, कमी पैशांत. गंमत बघा, याच काळात, १९६०च्या दशकात, ‘कुस्तीगीर बायका’ या विषयावर सिनेमे निघाले आणि चांगले चालले. पडद्यावर नटीने कुस्ती खेळली तर करमणूक, आणि खऱ्या बाईने पोटासाठी खेळली तर अनीती. १९५०च्या दशकात आपल्याकडे हमीदा बानू आखाड्यात उतरत होती. १९५४ साली तिने बडोद्यात बाबा पहिलवानाला दोन मिनिटांच्या आत चीत केलं होतं. तिलाही लोकांचा विरोध सोसावा लागलाच.

आणखी एक. इर्मा गोन्सालेस काही काळ मुखवटा घालून लढली, आणि त्या वेळी तिने घेतलेलं नाव होतं ‘सांतोची प्रेयसी’. पुरुषाच्या मुखवट्याला स्वतःचं नाव, बाईच्या मुखवट्याला पुरुषाचं. मी तिला दोष देत नाही. सांतोच्या नावावर तिकिटं खपत असणार आणि तिला घर चालवायचं होतं. पण सौभाग्यवती अमुक अमुक यांच्या पत्नी, असं पत्रिकेवर छापलेलं वाचताना मला नेहमी ती आठवते.

‘लुचा’ या शब्दाचा अर्थ कुस्ती, तसाच झुंज, लढा. मोर्च्यातही तोच शब्द. आता जे सांगणार आहे त्यासाठी हे लक्षात ठेवा.

१९ सप्टेंबर १९८५ च्या सकाळी मेक्सिको सिटीत मोठा भूकंप झाला. हजारो माणसं गेली. शहराच्या मध्यभागी, सान आंतोनियो आबाद नावाच्या भागात, कपडे शिवण्याचे कारखाने होते. जुन्या इमारती, त्यांत मजल्यावर मजले, कापडाचे आणि यंत्रांचे डोंगर. त्या कोसळल्या आणि शेकडो शिवणकाम करणाऱ्या बायका आत गाडल्या गेल्या. ज्या वाचल्या त्यांनी डोळ्यांनी पाहिलं की काही मालक आले ते आधी यंत्रं आणि तिजोरी बाहेर काढायला. ढिगाऱ्याखालून हाका येत असताना. त्या बायका तिथून हलल्या नाहीत. तंबू ठोकून बसल्या, यंत्रं न्यायला आलेले ट्रक अडवले, आणि महिन्याभरात त्यांनी स्वतःची राष्ट्रीय कामगार संघटना नोंदवून घेतली. नाव ठेवलं ‘१९ सप्टेंबर’. तिची पहिली सरचिटणीस एव्हांहेलिना कोरोना, स्वतः शिवणकाम करणारी. त्या काळात तिथल्या बहुतेक कामगार संघटना सत्ताधारी पक्षाच्या खिशात होत्या. त्यात बायकांची, बायकांनी चालवलेली, स्वतंत्र संघटना ही केवढी गोष्ट. ती फार वर्षं जोमात राहिली नाही. त्यात फूट पडली, भांडणं झाली, कारखाने दुसरीकडे गेले. आपल्याला हेही काही नवीन नाही.

त्याच भूकंपानंतर बेघर झालेल्या भाडेकरूंची आंदोलनं सुरू झाली, आणि १९८७ साली त्यांच्यात एक पैलवान अवतरला. लाल-पिवळा पोशाख, छातीवर अक्षरं, तोंडावर मुखवटा. नाव ‘सुपरबार्यो’. बार्यो म्हणजे वस्ती. कुठे भाडेकरूंना घराबाहेर काढत असतील तिथे हा हजर. अधिकाऱ्यांच्या कचेरीत मुखवटा घालूनच वाटाघाटीला बसायचा. त्याचं म्हणणं असं की लढणारा कुणी एक माणूस नाही, सगळी वस्ती आहे, म्हणून चेहरा दाखवायची गरज नाही. अधिकाऱ्यांची पंचाईत, दम द्यायचा तर कुणाला द्यायचा?

इथे मला थोडं माझ्या कामाबद्दल बोलायचं आहे. सल्ला केंद्रात बारा वर्षं बसते आहे. तोंडावर पदर ओढून आत येणाऱ्या बाया रोज बघते. पेपरात डोळ्यांवर काळी पट्टी मारलेले फोटो बघते. अत्याचार झालेल्या बाईचं नाव छापू नये असा कायदा आहे आणि तो असायलाच हवा. तिची ओळख ही तिची स्वतःची गोष्ट आहे. पण झाकलेला चेहरा आणि मुखवटा यांत फरक आहे, हे मला त्या सभागृहात पहिल्यांदा नीट कळलं. पदर ओढतो तेव्हा आपण लहान होतो. तो मुखवटा घालणारा मोठा होतो. बाईला मोठं करणारा मुखवटा असतो का?

असतो. १ जानेवारी १९९४ ला दक्षिणेकडच्या चियापास प्रांतात आदिवासींनी उठाव केला, त्यांना सापातिस्ता म्हणतात. ते तोंडावर काळी लोकरी टोपी ओढत, फक्त डोळे दिसत. त्यांत बायका पुष्कळ होत्या. आणि उठावाच्या आधीच्या वर्षी त्यांनी आपल्या संघटनेत बायकांसाठी कायदा मंजूर करून घेतला होता. किती मुलं हवीत ते आम्ही ठरवणार, लग्न मर्जीविरुद्ध होणार नाही, मारहाण करणाऱ्याला शिक्षा होणार, हे सगळं त्यात होतं. त्या गावांजवळ सान क्रिस्तोबाल नावाचं पर्यटकांचं शहर आहे. तिथल्या बाजारात चामुला गावच्या बायका फडक्याच्या आणि लोकरीच्या बाहुल्या विकायच्या. उठाव झाला तशी त्यांनी त्याच बाहुल्यांच्या तोंडावर काळं फडकं बांधलं, हातात काठीची बंदूक दिली, आणि त्या धडाधड खपू लागल्या. मग त्याच बाहुल्या किल्ल्यांना अडकवायला, लहान आकारात. त्या विकणाऱ्या बायका सगळ्याच चळवळीतल्या होत्या असं अजिबात नाही. गिऱ्हाईक काय मागतं ते त्यांना कळलं. मला हे फार आवडतं, कारण यात कुणी डिझायनर नाही, कुणी व्यापारी नाही. नमुना बाजारात उभ्या राहणाऱ्या बायकांनीच बदलला आणि पैसेही त्यांच्याच कनवटीला गेले.

आता तो तुटका पाय.

तो अपशकुन नाही, नवस आहे. त्या बारीक वस्तूंना तिथे ‘मिलाग्रो’ म्हणतात, म्हणजे चमत्कार. गुडघा दुखत होता, बरा झाला, तर धातूचा छोटा पाय संताच्या मूर्तीच्या कपड्यांना टाचायचा. डोळ्याचं दुखणं तर डोळा. गाय हरवली आणि सापडली तर गाय. प्रेमाचं काही असेल तर हृदय. आपल्याला हे समजायला वेळ लागू नये. देवीला चांदीचे डोळे आपण वाहतोच. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, मेणाचं घर, मेणाचं बाळ विकायला असतं, आणि ते घेणाऱ्यांत हिंदू बायकाही असतात. हा तर सरळ नात्याचाच धागा आहे. पोर्तुगीज लोकांनी गोव्यात आणि मुंबईत जो कॅथलिक रिवाज आणला, त्याचाच सख्खा भाऊ स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोत नेला.

मिलाग्रो पूर्वी चांदीचे, क्वचित सोन्याचे असत. आता बहुतेक पितळेचे किंवा हलक्या मिश्रधातूचे. पातळ पत्र्यावर ठसा मारून किंवा साच्यात ओतून करतात. देवळाबाहेरच्या टपरीवर ते ढिगाने मिळतात.

याला जोडून दुसरा प्रकार आहे, नवस फिटल्याचं चित्र. डब्याचा पत्रा असतो ना, कल्हईचा, त्याच्यावर रंगवलेलं. वरच्या कोपऱ्यात देवी किंवा संत, मध्ये घडलेला प्रसंग, खाली चार ओळी मजकूर. मी अमुक गावची अमुक, तमुक तारखेला माझ्यावर असं संकट आलं, देवीला हाक मारली, वाचले, म्हणून हे चित्र वाहते. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर. रंगवणारे गावचे साधे चितारी, बहुतेकांनी नाव घातलेलं नाही. एकोणिसाव्या शतकात पत्रा स्वस्त झाला तसा हा प्रकार गावोगाव पसरला. मी शेकड्याने ही चित्रं पाहिली आणि मला ती आमच्या केंद्रातल्या फायलींसारखी वाटली. अडलेलं बाळंतपण. घोड्याने फेकलेला नवरा. तापाने फणफणलेलं मूल. सीमा ओलांडून अमेरिकेत गेलेला मुलगा, त्याची ख्यालीखुशाली. बाईच्या आयुष्यात काय काय घडतं त्याची नोंद, जिची दखल दुसऱ्या कुठल्या दप्तरात नाही. फरक एकच, तिथे शेवट चांगला झाल्यावरच चित्र निघतं. ज्या वाचल्या नाहीत त्यांचं चित्र देवळात लागत नाही.

हे ओळखलं फ्रीदा काहलोने. तिचं नाव आता तुमच्या कानावर असेल, पिशव्यांवर आणि कपांवर तिचा चेहरा येतो. तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या घरात, ज्याला निळं घर म्हणतात, अशा नवसचित्रांचा शेकड्यांचा संग्रह आहे. १९३५ साली तिने पत्र्यावर एक चित्र काढलं. पेपरात बातमी आली होती, एका माणसाने बाईला भोसकून भोसकून मारलं आणि कोर्टात म्हणाला, मी तर जराशी टोचणी दिली. फ्रीदाने ते नवसचित्राच्या घाटात काढलं. पलंगावर रक्ताने माखलेली बाई, शेजारी चाकू घेतलेला पुरुष, वर पक्ष्यांनी चोचीत धरलेली पट्टी आणि तीवर त्याचेच शब्द. फक्त वरच्या कोपऱ्यात देवी नाही. हाक मारली तरी कुणी आलं नाही. लाल रंग चौकटीवरसुद्धा उडालेला आहे. मी ते पहिल्यांदा छापील पुस्तकात पाहिलं तेव्हा पुस्तक मिटून बाहेर जाऊन उभी राहिले. ‘जराशी टोचणी’. आमच्या केंद्रात नवरे म्हणतात, “मॅडम, एक चापट मारली फक्त.”

या देवळातल्या वस्तू दागिन्यात कशा आल्या? एकदम नाही आल्या. तास्को नावाचं चांदीच्या खाणींचं जुनं गाव आहे. १९३१ साली विल्यम स्प्रॅटलिंग या अमेरिकन माणसाने तिथे चांदीकामाचा कारखाना काढला, गावची पोरं शिकली, त्यांनी आपापले कारखाने काढले, आणि मेक्सिकन चांदी जगभर गेली. पुस्तकात त्याचं नाव पहिलं असतं. पण १९३४ च्या सुमारास मेक्सिको सिटीत मातिल्दे पुलात नावाची मेक्सिकन बाई स्वतःच्या कल्पनेने दागिने घडवत होती. चांदीचे क्रूस, कबुतरं, त्यात पोवळं आणि फिरोजा बसवलेला, देवळातला आणि जत्रेतला थाट अंगावर आणणारी. आणि १९४८ साली मार्गोत नावाच्या अमेरिकन बाईने चांदीकाम करणाऱ्या नवऱ्यापासून वेगळं झाल्यावर तास्कोमध्ये स्वतःचा कारखाना काढला. तिचं चांदीवरचं मीनाकाम फार गाजलं आणि ते मीनाकाम करणाऱ्या प्रामुख्याने बायका होत्या. त्या बायकांची नावं मला कुठल्याही पुस्तकात ठळक अक्षरात सापडली नाहीत. दागिन्याच्या मागे मार्गोतचा शिक्का असतो. आज जुन्या बाजारात शिक्क्यामुळे भाव येतो.

पैलवानांचे मुखवटे कानात यायला त्यानंतरही बराच काळ जावा लागला. मेक्सिकोत आणि अमेरिकेत राहणाऱ्या मेक्सिकन कुटुंबांतल्या तरुण पिढीने ते आणले. ज्या गोष्टीला आईबाप गावंढळ म्हणत होते, आजोबांची कुस्ती, आजीचे नवस, तेच त्यांनी मुद्दाम अंगावर मिरवलं. एका कानात संत, म्हणजे पैलवान सांतो, आणि गळ्यात ग्वादालुपेची देवी. त्यात थट्टा आहे, भक्तीही आहे, आणि ‘आम्ही इथलेच’ असं सांगणंही आहे. २०१८ साली मेक्सिको सिटीच्या सरकारने लुचा लिब्रेला शहराचा सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केलं, तेव्हा उच्चभ्रू वस्तीतही ती कानातली दिसू लागली असणार. प्रतिष्ठा मिळाली की किंमत वाढते, पण करणारीच्या हातात किती पडतं ही वेगळी गोष्ट.

आणि नक्कल करणारे लगेच येतात. २०१५ साली पॅरिसच्या एका फॅशनवालीने मेक्सिकोतल्या त्लाहुइतोल्तेपेक या आदिवासी गावच्या झंपरासारखाच झंपर आपला म्हणून विकायला काढला. गावाने आवाज उठवला. पुढे अशी आणखी प्रकरणं झाली आणि २०२२ मध्ये तिथे आदिवासी समाजांच्या कलांचा हक्क त्या समाजाकडे राहील असा कायदा आला. तो किती चालतो ते त्यांनाच माहीत. पण प्रश्न कायद्याच्या पानावर आला.

आता आपल्या ऑर्डरकडे येते. काल दोघींनी फोटोवरून एक जोड करून पाहिला. पत्रा कापणं, कडा घासणं, रंग भरणं, वाळवणं, हूक लावणं, सगळं धरून चाळीस मिनिटं लागली. हात बसला की कमी लागतील, मान्य. व्यापारी जोडामागे अठरा रुपये देतो. आठ तास मान वर न करता बसलं तर बारा जोड, दोनशे सोळा रुपये. त्यात रंग त्याचा, पण डाख आणि तार आपली. आणि त्या डाखेत शिसं आहे. आपण काम करतो त्या खोलीला एकच खिडकी आहे, तीही पावसात बंद असते. दोघींना पोटातली बाळं आहेत. हे मी कालही म्हणाले, आज लिहून घ्या.

दुसरी गोष्ट अशी की ज्या फोटोची आपण नक्कल करणार तो नमुना कुणीतरी बसून, विचार करून केलेला आहे. मागच्या नाडीच्या तीन रेघा त्याची साक्ष आहेत. ती बाई असेल, तास्कोतली असेल, नाहीतर लॉस एंजेलिसमधली. तिच्या पोटावर पाय देऊन आपलं पोट भरायचं आणि तेही अर्धंच. मार्गोतच्या कारखान्यातल्या बायकांची नावं सापडली नाहीत म्हणून मी हळहळले, तर मग हिचं नाव आपण पुसायचं का?

काल एकीने उपाय सुचवला तो मला पटला आणि त्यात एक अडचणही दिसली. ती म्हणाली, “आपण आपलेच नवस करू. चांदीचे डोळे, पाळणा.” आपल्यात तिघी कासारांच्या घरातल्या आहेत, ठसा मारायचं काम त्यांच्या सासऱ्यांना येतं. डोळ्यांचे डूल मला आत्ताच दिसायला लागलेत. बाईचे उघडे डोळे, कानात. पण पाळण्याचं नाव निघालं तेव्हा आपल्यातलीच एक उठून बाहेर गेली, ते किती जणींनी पाहिलं? बारा वर्षं तिच्याकडून देवळादेवळात पाळणे बांधून घेतलेत, सासूने बोलून बोलून. नंतर ओट्यापाशी ती मला म्हणाली, “ताई, पाळणा मी घडवणार नाही. पैसे कितीही द्या.” तिच्या म्हणण्यावर मत घ्यायची गरज नाही असं मला वाटतं. नवसाची वस्तू सुंदर असते म्हणून ती निर्दोष नसते. तिकडच्या पत्र्याच्या बाळातसुद्धा कुणा बाईचा जाच गोठलेला असेल.

मी महिन्याचा पगार घेणारी बाई आहे. ‘ऑर्डर नाकारा’ असं म्हणणं मला सोपं आहे. दिवाळीला पोरांना कपडे घ्यायचे आहेत त्यांना नाही. म्हणून मी माझं मत सांगते, ठराव मांडत नाही. हृदय आणि मुखवटा, फोटोत आहे तसा, आपण करू नये. व्यापाऱ्याला कळवावं की आमच्याकडे आमचे डोळ्यांचे डूल आहेत, दर जोडामागे पस्तीस, पहिली खेप तीनशे जोडांची, आणि कार्डावर गटाचं नाव. तो बहुधा नाही म्हणेल. तो नाही म्हणाला तर दिवाळीच्या बाजारात आपणच बसू. गेल्या वर्षी स्टेशनबाहेर बसलो तेव्हा दोन दिवसांत सगळा माल गेला होता, पोलिसाने उठवलं ते सोडून. आणि मुखवटाच करायचा असेल तर तो आपला करू, कुणाचा चेहरा ते आपण ठरवू. एक मावशी काल रात्री झोपताना पुटपुटल्या, “करायचाच तर माझ्या सासूचा करा, रूदो म्हणून.” त्याची नोंद इतिवृत्तात घ्यायची की नाही ते तुम्ही ठरवा.

ज्यांना माझं म्हणणं पटत नाही त्यांनी आता बोलावं. कालचा नमुना टेबलावर ठेवला आहे, हातात घेऊन बघा. कडा नीट घासलेली नाही, कान कापेल, तेवढं सांभाळा. व्यापाऱ्याचा फोन सोमवारी सकाळी येणार आहे.